बाहेरची नळी, आतली नळी

ढाणकीत पूर्वी कुणाचे डोळे पिवळे दिसले की घरात पहिला प्रश्न निघायचा, औषध कुठल्या गावचं आणायचं? दवाखान्याचा विषय नंतर, तोही जमलं तर. पैनगंगेच्या अलीकडे कुणी झाडपाला द्यायचं. पलीकडे हिमायतनगरच्या बाजूला (जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात) कुणी माळ घालायचं, कुणी नाकात कडू थेंब सोडायचं. प्रत्येक घराचा माणूस ठरलेला असायचा. औषध सूर्य उगवायच्या आत, अनशापोटी घ्यायचं. देणारा पैसे मागायचा नाही, त्याच्यापुढे नारळ ठेवायचा. तेल बंद, हळद बंद. आमच्या उमरखेड तालुक्यात हळद पिकते, ती शिजायला लागली की शिवारभर वास सुटतो. पण काविळीच्या माणसाच्या ताटात महिनाभर बिनहळदीचं पांढरं वरण. पिवळ्यानं पिवळं वाढतं, असा पक्का समज होता.

ती माळ मी जवळून पाहिली आहे. कसल्याशा काड्यांचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे, पांढऱ्या दोऱ्याच्या सैल गाठींत अडकवलेले. पहिल्या दिवशी ती डोक्यावर कशीबशी बसायची. काड्या वाळून बारीक झाल्या की गाठी सरकायच्या आणि माळ लांबत लांबत गळ्यात, मग छातीवर, मग बेंबीपर्यंत यायची. कावीळ उतरली, असं मग जाहीर व्हायचं. आणि रोगी खरोखरच बरा झालेला असायचा. दुसरीकडे चुन्याच्या निवळीत हात धुऊन पाणी पिवळं करून दाखवायचे. आंब्याच्या सालीचा रस आधी चोळला तर धडधाकट माणसाच्या हातूनही पाणी पिवळंच होतं, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी पुढे गावोगाव करून दाखवलं. दूषित पाण्यातून येणारी विषाणूची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच उतरते, आणि श्रेय माळेला जातं. तरी माळ घालणाऱ्या त्या माणसांना लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यातल्या बहुतेकांचा स्वतःचाही त्या माळेवर पुरता विश्वास होता.

अडचण व्हायची ती दुसऱ्या काविळीत. यकृतात तयार झालेलं पित्त एका बारीक नळीतून आतड्यात उतरतं. पित्ताशयातला खडा घरंगळून या नळीत आला आणि तोंडाशी अडकला, की मागचं पित्त रक्तात चढतं. इसापूरच्या कालव्याचं पाणी ज्यांनी शेतात घेतलं आहे त्यांना हे लगेच कळेल: बाऱ्याच्या तोंडाशी दगड बसला की पुढचा वाफा कोरडा राहतो आणि मागचा पाट फुटतो. या तोंडाशी स्नायूचं एक बारीक कडं असतं. रुग्गेरो ओडी या इटालियन विद्यार्थ्यानं १८८७ मध्ये, वैद्यकीचं शिक्षण चालू असतानाच, त्याचं वर्णन केलं आणि ते त्याच्या नावानंच ओळखलं जातं. खडा अडतो तो बहुधा या कड्याच्या मागे. तिथे कुठलीही माळ पोचत नाही.

माझ्या मोठीआईला हीच कावीळ झाली होती. साल १९८६. आधी उजव्या बरगडीखाली कळ यायची, तिला सगळे पित्त म्हणायचे आणि सोडा देऊन गप्प करायचे. मग डोळे पिवळे झाले. मग खाज सुटली. रात्रभर ती भिंतीला पाठ घासायची, ओसरीत झोपलेल्या आम्हा पोरांना तो आवाज ऐकू यायचा. शौचाला पांढुरकं होऊ लागलं, लघवी गडद झाली. खाज, पांढरं शौच आणि गडद लघवी ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की वाट अडली आहे, हे आता मला ठाऊक आहे. तेव्हा घरात ते कुणाला ठाऊक असणार? माळ घातली, ती नेमानं लांबली, कावीळ मात्र वाढत गेली. शेवटी एका रात्री हुडहुडी भरून ताप आला, आणि मोठेबाबा म्हणाले, “आता नांदेड.”

जिल्हा आमचा यवतमाळ, पण ते शंभर किलोमीटरच्याही पलीकडे. ढाणकीचा माणूस दुखण्याला पहिल्यापासून नदी ओलांडून नांदेडलाच जातो. उमरखेडहून हदगावमार्गे एसटी. मोठीआई खिडकीशी बसलेली, तोंडावर पदर, कारण पिवळे डोळे कुणाला दिसू नयेत.

नांदेडच्या सर्जननी बोटांनी पोट चाचपलं, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि सांगितलं, नळीत खडा आहे, पोट उघडावं लागेल. लगेच नाही. पित्त आतड्यात पोचत नाही तेव्हा के जीवनसत्त्व अंगी लागत नाही आणि रक्त नीट गोठत नाही. म्हणून आधी काही दिवस त्याची इंजेक्शनं. मग शस्त्रक्रिया. उजव्या बरगडीच्या कडेनं तिरपा, वीतभर छेद. पित्ताशय काढलं, मुख्य नळीला चीर देऊन खडे काढले आणि त्या नळीत इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची रबरी नळी बसवून तिचं टोक पोटातून बाहेर आणलं. हान्स केर या जर्मन सर्जनच्या नावानं ही टी-नळी जगभर ओळखली जाते. बाहेरच्या टोकाला बाटली. त्या बाटलीत हिरवट सोनेरी पित्त थेंबाथेंबानं उतरायचं.

त्या बाटलीभोवती आमच्या घराचं सगळं जगणं गोळा झालं होतं. तिचा मुलगा, आमचा दादा, रोज सकाळी पित्त मोजून एकरेघी वहीत लिहायचा, तारीख आणि पुढे मिलिलिटर. आकडा घटत गेला की आनंद, कारण तेवढं पित्त आता आत, आपल्या वाटेनं चाललंय. ढाणकीहून भाकरीचं गाठोडं घेऊन येणारी प्रत्येक बाई आल्याआल्या खाटेखाली वाकून बघायची आणि विचारायची, “आज किती उतरलं वं माय?” शेजारच्या खाटेवरच्या, कधी न पाहिलेल्या बाईलाही तो आकडा पाठ. शौचाचा रंग पुन्हा पिवळा झाला तेव्हा मोठेबाबांनी वॉर्डात पेढे वाटले. हे वाचून कुणी नाक मुरडू नये. त्या रंगासाठी आम्ही किती झुरलो होतो ते आम्हालाच माहीत. काही दिवसांनी नळीतून रंगद्रव्य सोडून क्ष-किरण फोटो काढला, खडा उरला नाही याची खात्री केली आणि मग नळी ओढून काढली. मोठीआई घरी आली तेव्हा शेतात पेरणी उरकली होती. तिचे खडे सर्जननी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून दिले होते. तपकिरी, कोन असलेले, तुरीच्या दाण्याएवढे. देवघराशेजारच्या देवळीत ती बाटली कित्येक वर्षं होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली जायची.

मोठीआईला अक्षर वाचता येत नव्हतं. पण पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेली की ती लुगड्याचा काठ सरकवून तो व्रण दाखवायची, आणि डॉक्टरला एका नजरेत कळायचं काय झालं होतं, काय काढलं होतं. तिचा सगळा कागद तिच्या अंगावर होता.

तिचं पोट नांदेडला उघडलं त्याच्या बारा वर्षं आधी, १९७४ मध्ये, जर्मनीतल्या एर्लांगेनचे माइनहार्ड क्लासेन आणि लुडविग डेमलिंग यांनी, आणि त्यांच्यापासून वेगळं राहून जपानमधल्या क्योतोच्या केइची कावाई यांनी, पोट न उघडता ते स्नायूचं कडं कापल्याचं जाहीर केलं होतं. तोंडातून दुर्बीण, अन्ननलिका, जठर, मग आतड्याचं पहिलं वळण. तिथून त्या नळीचं तोंड बाजूला दिसतं. तिथवर दुर्बिणीनं पोचून बारीक नळी आत सरकवता येते, हे अमेरिकेत विल्यम मॅक्युन यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं. पण तोवर ते फक्त पाहणं होतं. क्लासेन, डेमलिंग आणि कावाई यांनी त्या नळीला धार दिली, आणि ती धार विजेची होती.

विजेनं कापायची युक्ती त्याहून जुनी. १ ऑक्टोबर १९२६ ला बॉस्टनमध्ये मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही या भौतिकशास्त्रज्ञाचं यंत्र शस्त्रक्रियेत वापरलं, आणि रक्तस्रावाच्या भीतीनं आधी सोडून दिलेली गाठ त्यांना काढता आली. आमच्याकडे करंट म्हटलं की नदीवरची मोटार आठवते, ओल्या हातानं स्टार्टरला हात लावून फेकला गेलेला गडी आठवतो. घरातली वीज दिशा बदलत सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, आणि त्या वेगाला आपले स्नायू आणि मज्जातंतू प्रतिसाद देतात. झटका बसतो तो त्यामुळे. शस्त्रक्रियेच्या यंत्रातली वीज सेकंदाला तीन ते पाच लाख आवर्तनं करते. एवढ्या वेगाला मज्जातंतू दाद देत नाहीत, झटका लागत नाही. उरते ती उष्णता. वीज एका बारीक तारेशी एकवटली की तारेला टेकलेल्या पेशींतलं पाणी क्षणात उकळतं, पेशी फुटते, ऊतक दुभंगतं. प्रवाह सलग ठेवला तर कापतं, तुटक ठेवला तर रक्त थिजवतं. तीच वीज मग रोग्याच्या मांडीला चिकटवलेल्या रुंद पट्टीतून यंत्रात परतते; पट्टी रुंद असल्यामुळे तिथे चटका बसत नाही.

हे सगळं मला समजलं ते वहिनीच्या दुखण्यात. वहिनी म्हणजे मोठीआईचीच सून, दादाची बायको. सासूचाच आजार, तीच खाज. या वेळी मात्र माळेची गोष्ट कुणी काढली नाही. उमरखेडला सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे आणि मुख्य नळी फुगलेली दिसली, आणि डॉक्टरांनी थेट सांगितलं की मोठ्या ठिकाणी न्या. नागपूर-तुळजापूर महामार्ग आता चौपदरी आहे. सकाळी निघालेली गाडी जेवणाच्या आत नांदेडला. तिथून पुढे हैदराबाद, कारण आमच्या भागातून पोटाच्या अवघड आजाराला माणसं तिकडे जातात. त्या शहरात डी. नागेश्वर रेड्डी यांनी दुर्बिणीच्या या विद्येची मोठी शाळा उभी केली; २०२५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. मुंबईत हेच काम अमित मायदेव यांनी केलं, २०१३ चे पद्मश्री. या दोघांचं नाव आमच्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

वहिनीवर दुर्बिणीनं उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टरनी उपचाराच्या दुसऱ्या दिवशी, मी फार विचारतो म्हणून, वापरून झालेलं विजेच्या तारेचं एक अवजार हातात दिलं. मी बराच वेळ ते पाहत बसलो. दोनेक मीटर लांब प्लास्टिकची नळी, जाडी अडीच मिलिमीटरच्या आत. एका टोकाला बोटं अडकवायची मूठ आणि वीज जोडायची जागा. दुसऱ्या टोकाशी, शेवटच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये, आतली तार नळीच्या बाहेर उघडी पडलेली. मूठ मागे ओढली की तार ताणली जाते आणि नळीचं टोक वर वळून कमान होते. एवढंच. तोंडातून गेलेलं हे टोक आतड्यात पोचून पित्तनळीच्या तोंडात शिरतं, पडद्यावर क्ष-किरणात दिसतं, आणि डॉक्टर शिशाचा एप्रन घालून पायाखालचा पिवळा पेडल थोडा थोडा दाबतात. पिवळा कापायचा, निळा थिजवायचा. छेद मिलिमीटरमिलिमीटरनं वर सरकतो, घड्याळातल्या अकरा ते बाराच्या दिशेनं, कारण तिकडे धोका सगळ्यात कमी. हल्लीचं यंत्र स्वतःच कापणं आणि थिजवणं आलटूनपालटून करतं. दार उघडलं की फुगा किंवा तारेची टोपली आत सरकवून खडे आतड्यात ओढून घ्यायचे. पुढे ते शौचावाटे जातात. देवळीत ठेवायला बाटली नाही.

यात धोका नाही असं नाही. याच तोंडाशी स्वादुपिंडाची नळीही उघडते, आणि शंभरातल्या काही जणांना नंतर स्वादुपिंडाला सूज येते. ती टळावी म्हणून गुदद्वारातून औषधाची एक गोळी देतात. कधी रक्त येतं, क्वचित आतडं फाटतं. डॉक्टरनी हे सगळं आधी दादाला बसवून सांगितलं होतं. वहिनीला यातलं काही झालं नाही. संध्याकाळी ती पाणी प्यायली. पुढे पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, चार बारीक भोकांतून. ही पद्धत भारतात पहिल्यांदा तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणली. सासूनं अर्धा उन्हाळा घालवला, सून आठवड्याच्या आत ढाणकीला परत आली.

पैशाची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मोठीआईच्या वेळी बैलजोडी विकली गेली. पुढे २ जुलै २०१२ ला सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा उपचार. त्या आठात नांदेड होतं, यवतमाळ नव्हतं. म्हणजे नदीच्या पलीकडच्या गावाला योजना, अलीकडच्या ढाणकीला नाही, आणि दोघंही जाणार त्याच नांदेडच्या दवाखान्यात. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. मधल्या त्या सव्वा वर्षाहून अधिक काळात नदीच्या या काठावरच्या किती जणांनी दुखणं अंगावर काढलं असेल, याचा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहिलं. वहिनीच्या नळीत खडे बरेच होते. पहिल्या वेळी सगळे निघाले नाहीत, म्हणून डॉक्टरनी आत प्लास्टिकची एक छोटी नळी, स्टेंट, ठेवला. त्यातून पित्त वाहत राहतं. हा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. नाही काढला तर तो गाळानं बुजतो, भोवती नवे खडे धरतात, आणि हुडहुडीचा तोच ताप परत येतो. मोठीआईची नळी बाहेर लोंबत होती. ती विसरणं शक्यच नव्हतं. अख्खं गाव तिची आठवण ठेवून होतं. वहिनीची नळी आत होती. खाज थांबली, डोळे निवळले, ती शेतात कामाला गेली. पोटावर चार ठिपके, तेही पुसट. तिला कुणी विचारायला येईना, कारण आजारी दिसत असेल तर विचारणार.

आमच्याच गल्लीतल्या एका गृहस्थांचं असंच झालं. आतली नळी दोन वर्षं राहिली. बरं वाटतंय तर परत कशाला जायचं, गाडीभाडं, मजुरी बुडणार. कागद कुठे गेला कुणाला आठवेना. ताप भरून शुद्ध हरपली तेव्हा नांदेडला डॉक्टरनी विचारलं, आधी काही ऑपरेशन? मुलगा म्हणाला, नाही, पोट कधी उघडलंच नाही. मुलगा खोटं बोलत नव्हता. फोटोत नळी दिसली म्हणून ते वाचले.

जुन्या दिवसांची मला ओढ आहे, पण ती वीतभर छेदाची नाही, विकलेल्या बैलजोडीची तर नाहीच. ओढ आहे ती वहीत आकडे लिहिणाऱ्या दादाची, खाटेखाली वाकणाऱ्या बायकांची. विजेच्या तारेनं छेद लहान केला, मुक्काम लहान केला, आणि त्याबरोबर रोग्याभोवतीची पहारेदारीही लहान झाली. उपचाराला मात्र ती पहिल्याइतकीच लागते.

वहिनीच्या बाबतीत ती दादानंच केली. हैदराबादहून आल्याआल्या त्यानं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाची पानं उलटून तीन महिन्यांनंतरच्या चौकटीत लाल पेननं लिहिलं, ‘स्टेंट काढणे’. चतुर्थीच्या शेजारी. सोयाबीनची काढणी तोंडावर असताना ती तारीख आली, आणि दादा काढणी मजुरांवर सोपवून वहिनीला घेऊन गेला. या वेळी वीज लावावी लागली नाही, वाट आधीच मोकळी होती; स्टेंट दुर्बिणीनं धरून बाहेर ओढला, उरलेले दोन खडे काढले. परत आल्यावर त्यानं डिस्चार्जच्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक घरातल्या पेटीत, एक वहिनीच्या माहेरी, एक गावच्या आरोग्य कार्यकर्तीकडे, आशाताईंकडे. आशाताईंनी तो कागद दोनदा वाचला, गरोदर बायकांच्या तपासणीच्या तारखा असतात त्या वहीत मागचं एक कोरं पान काढलं, आणि विचारलं, गावात अजून कुणाला अशी नळी बसवली आहे का? दादानं गल्लीतल्या त्या गृहस्थांचं नाव सांगितलं, कारण त्यांना नवा स्टेंट बसवला होता. वहिनीनं वरच्या आळीतलं आणखी एक.